ग्राहकाला चुकून दोनदा रिफंड गेला तर? घरून ऑनलाइन विकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी सांगलीत घरून हळद पावडर आणि बेदाणे ऑनलाइन विकते. हळद मार्केट यार्डातल्या सौद्यातली राजापुरी, बेदाणा तासगावकडचा. गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या एका काकूंना ₹१,३४० चा रिफंड माझ्याकडून दोनदा गेला. तो परत मिळाला, पण त्यात एकवीस दिवस गेले आणि निम्मे दिवस मी चुकीच्या दारात उभी होते. तेव्हापासून मिरज, माधवनगर, कुपवाडच्या मैत्रिणी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहिलं. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल तर वकिलाला जरूर भेटा.

एकाच ऑर्डरचा रिफंड दोनदा जातोच कसा?

बहुतेक वेळा दोन वाटांनी. एकाच पेमेंट गेटवेतून, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या सेवेतून, तसं सहसा होत नाही, कारण जेवढं पेमेंट आलं त्याहून जास्त रिफंड गेटवे करू देत नाही. पण एक रिफंड गेटवेतून आणि दुसरा हाताने, म्हणजे फोनवरून यूपीआयने गेला, तर त्या दोन वाटा एकमेकींना ओळखत नाहीत.

माझं तसंच झालं. पार्सल पावसात भिजलं. काकूंनी फोटो पाठवले: बेदाण्याच्या पिशवीत पाणी शिरलेलं, हळदीचं पाकीट खालून फुगलेलं. मी त्याच दिवशी गेटवेतून रिफंड टाकला. पेमेंट डेबिट कार्डाने आलं होतं, आणि कार्डाचा रिफंड खात्यावर दिसायला साधारण पाच-सात कामाचे दिवस जातात. चौथ्या दिवशी काकूंचा मेसेज आला, "अजून पैसे आले नाहीत." मी तेव्हा गावाला होते. मेसेज पुतण्याने वाचला, त्याला वाईट वाटलं आणि त्याने लगेच यूपीआयने पैसे पाठवले. तीन दिवसांनी कार्डाचा रिफंडही पोचला. मुलाचं मन चांगलं होतं, वही मात्र कोणीच पाहिली नव्हती.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे 'पेंडिंग' दिसणारं यूपीआय. पैसे आपल्या खात्यातून गेलेले दिसतात, समोरच्याला मिळालेले नसतात, आणि आपण घाईने पुन्हा पाठवतो. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे: माणसाकडून माणसाला पाठवलेलं यूपीआय अडकलं तर रक्कम पुढच्या दिवसापर्यंत परत यायला हवी, दुकानदाराला दिलेलं अडकलं तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला ₹१०० भरपाई. म्हणून व्यवहार पेंडिंग आहे तोवर दुसऱ्यांदा पाठवायचंच नाही. ग्राहकाला तसं सांगा आणि व्यवहाराचा नंबर द्या.

कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरींत हा धोका आणखी मोठा आहे. तिथे परत जायला मूळ वाटच नसते, सगळे रिफंड हातानेच करावे लागतात.

खरंच दोनदा गेलाय हे पक्कं कसं करायचं?

फोनवरच्या एसएमएसवर जाऊ नका, गेटवेच्या 'रिफंड प्रोसेस्ड' या शब्दांवरही नका. बँकेचं स्टेटमेंट काढा आणि दोन नोंदी शोधा. यूपीआयच्या नोंदीला १२ आकडी नंबर असतो, त्याला यूटीआर किंवा आरआरएन म्हणतात. कार्डाच्या रिफंडचा एआरएन नंबर गेटवेच्या पानावर मिळतो. दोन्ही नंबर, दोन्ही तारखा आणि दोन्ही रकमा एका कागदावर लिहा. तो कागद पुढे बँकेत, ग्राहकाकडे, वकिलाकडे, सगळीकडे उपयोगी पडतो.

एक सावधगिरी. गेटवेतून गेलेला रिफंड कधी कधी ग्राहकाचं कार्ड बंद झाल्यामुळे उलटा फिरतो आणि तुमच्याच खात्यात जमा होतो. ते न पाहता ग्राहकाकडे पैसे मागितले तर तोंडघशी पडायची वेळ येते. आधी आपलं घर तपासा.

लक्षात आल्या आल्या पहिल्यांदा काय करू?

गेटवेतला रिफंड अजून प्रक्रियेत असेल तर त्यांच्या मदत कक्षाला लगेच फोन करून थांबवता येतो का ते विचारा. पुढे निघून गेलेला थांबत नाही, पण विचारायला पाच मिनिटं लागतात. मग ग्राहकाला कळवा. आठवडाभर गप्प बसून नंतर मागितलं की ग्राहकाने ते पैसे आपले समजून खर्च केलेले असतात.

बँक ते पैसे परत काढून देईल का?

इथेच माझे दहा दिवस गेले. मी शाखेत दोनदा अर्ज दिला, रांगेत उभी राहिले, आणि शेवटी काउंटरवरच्या ताईंनी शांतपणे समजावलं.

तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे योग्य माणसाच्या खात्यात पोचले आहेत. बँकेच्या लेखी तो व्यवहार पूर्ण झालेला आणि बरोबर आहे. तुमचा हिशेब चुकला, बँकेचा नाही. तुमची बँक ग्राहकाच्या बँकेला विनंती पाठवू शकते आणि ती बँक ग्राहकाला विचारू शकते. ग्राहकाच्या संमतीवाचून त्याच्या खात्यातून रक्कम काढून तुम्हाला देत नाहीत, आणि द्यायलाही नको. उद्या आपल्या खात्यातून कोणी असं काढलं तर?

चूक बँकेच्या किंवा गेटवेच्या यंत्रणेची असेल, म्हणजे तुम्ही एकदाच बटण दाबलं आणि रक्कम दोनदा गेली, तर गोष्ट वेगळी. लेखी तक्रार द्या, तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही. माहितीसाठी १४४४८ हा फोन नंबर आहे.

ग्राहकाला फोन करू की मेसेज?

आधी मेसेज, मग फोन. कारण पुढचाच प्रश्न.

ग्राहक म्हणतो, "तुम्हीच फसवणूक करताय." आता काय?

माझ्या अनुभवात सगळी गोष्ट इथे ठरते.

"तुमच्या खात्यात चुकून पैसे आलेत, परत पाठवा" हे वाक्य आज चोरांचं वाक्य झालं आहे. बँका, पोलीस, वर्तमानपत्रं सगळे सांगत असतात की असा फोन आला की ठेवून द्या. म्हणजे जो ग्राहक तुमच्यावर संशय घेतो तो शहाणपणाने वागतोय. त्याचा राग मानू नका. मी मानला होता. पहिल्या फोनवर काकू म्हणाल्या, "माझा मुलगा म्हणाला, कोणाला काही पाठवायचं नाही," आणि त्यांनी फोन ठेवला. मला इतकं लागलं की दोन दिवस मी परत फोनच केला नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी सुचवलं, "अगं, तिला आपलं पाकीट बघायला सांग की." मग मी असा मेसेज केला: "काकू, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. मागच्या दिवाळीला घेतलेली आमची हळदीची डबी घरात असेल तर तिच्यावर आमचा फोन नंबर आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर छापलेला आहे. त्या छापील नंबरवर तुम्हीच फोन करा, तुमच्या सोयीने." संध्याकाळी फोन आला. काकूंच्या हातात डबी होती, आकडे त्या मोठ्याने वाचत होत्या. "हो गं, हाच नंबर आहे," त्या म्हणाल्या, "आता सांग काय झालं ते."

मी म्हटलं, "काकू, पैसे आज नका पाठवू. उद्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. त्यात ₹१,३४० दोन ठिकाणी दिसतील. दिसले नाहीत तर मला काही देऊ नका." त्या गेल्या. पासबुकात दोन ओळी दिसल्या. त्यांच्या मुलाने पासबुकाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "सॉरी मावशी, हल्ली फार फसवतात." पैसे त्याच संध्याकाळी आले.

तेव्हापासून मी हाच क्रम धरते. ग्राहकाने तुमचं ऐकून काही करायचं नाही. त्याने स्वतःच्या बँकेत, स्वतःच्या ॲपमध्ये, स्वतःच्या वेळेला खात्री करायची. तुमचं काम एवढंच की त्याला पडताळता येईल अशा गोष्टी हातात द्यायच्या: ऑर्डर क्रमांक, दोन तारखा, दोन नंबर, छापील फोन नंबर. लिंक पाठवू नका. क्यूआर कोड पाठवू नका. ओटीपी हा शब्दही तोंडातून काढू नका. "आज रात्रीपर्यंत" अशी घाई लावू नका, कारण घाई हीच चोराची खूण असते.

यूपीआयवर पैसे मागण्याची रिक्वेस्ट पाठवली तर सोपं पडेल ना?

वैयक्तिक खात्यांमधली ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. फसवणुकीसाठी तिचा फार वापर व्हायचा म्हणूनच ती बंद केली. ग्राहकाने स्वतः तुमच्या खात्यावर पाठवणं हाच मार्ग आहे. दुकानाच्या नावाचं खाते किंवा यूपीआय आयडी द्या. आयडी टाकला की ग्राहकाला खातेदाराचं नाव दिसतं, ते पाकिटावरच्या आणि बिलावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. पुतण्याचा किंवा नवऱ्याचा नंबर दिलात की ग्राहक बिचकणारच.

पैसे पाठवताना पिन टाकावा लागतो हेही आधी सांगा. "पैसे मिळायला पिन लागत नाही" हे लोकांना आता पाठ झालंय. इथे तो पाठवतोय म्हणून पिन लागतोय, एवढं स्पष्ट केलं की घोळ होत नाही.

मेसेज कसा लिहू?

मी वापरते तो असा. आपापल्या शब्दांत बदलून घ्या.

"नमस्कार. तुमच्या अमुक क्रमांकाच्या ऑर्डरचा ₹१,३४० चा रिफंड आमच्याकडून चुकून दोनदा गेला आहे. पहिला अमुक तारखेला कार्डावर, दुसरा अमुक तारखेला यूपीआयने (यूटीआर अमुक). चूक आमची आहे आणि तुम्हाला त्रास होतोय त्याबद्दल माफी मागते. कृपया तुमच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दोन्ही नोंदी पाहून घ्या. खात्री झाल्यावर एक रक्कम बिलावर छापलेल्या खात्यावर परत पाठवा. शंका असेल तर पाकिटावरच्या नंबरवर फोन करा. आम्ही कोणतीही लिंक किंवा ओटीपी मागणार नाही."

माफी मनापासून मागा. माल भिजला आपल्याकडून, पैसे दोनदा गेले आपल्याकडून, आणि बँकेत खेटा मारायचा त्या माणसाने. परत पाठवायला त्याला काही खर्च आला तर तो कापून घ्यायला सांगा.

ग्राहक म्हणतो, "पुढच्या ऑर्डरीत वळते करून घ्या." चालेल का?

नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर चालेल. मी स्वतः दोनदा असं केलंय. फक्त ते लेखी घ्या आणि महिना ठरवा, "दसऱ्याच्या ऑर्डरीत" असं. नवीन ग्राहकाला सहसा नको. पैसेही अडकतात आणि मालही जातो.

ग्राहक म्हणतो पैसे खर्च झाले.

खरं असू शकतं. पगाराच्या खात्यात हप्ता कापला जातो आणि जास्तीचे आलेले त्यातच जातात. तीन-चार हप्ते करून द्या. देण्याची वृत्ती असलेल्या माणसाला मुदत दिली की बहुतेक वेळा पैसे येतात. धमकी दिली की तोही हट्टाला पेटतो.

"चूक तुमची, मी का परत देऊ?" याला कायद्याचं उत्तर काय?

उत्तर सरळ आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७२ सांगतं की चुकीने किंवा बळजबरीने ज्याला पैसे दिले गेले त्याने ते परत केलेच पाहिजेत. तुमच्यात आणि ग्राहकात तसा लेखी करार असायची गरज नाही, कायदाच ती जबाबदारी त्याच्यावर टाकतो. चूक देणाऱ्याच्या निष्काळजीपणाने झाली एवढ्यानेही तुमचा हक्क बुडत नाही.

हे कलम ग्राहकाला तोंडावर फेकून मारायला नाही. ते तुमच्या मनाच्या आधाराला आहे. पुष्कळ बायका "आपलीच चूक" म्हणून गप्प बसतात, आणि दोन महिन्यांची कमाई त्यात जाते. चूक आपली, पैसेही आपलेच. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

मुदत किती असते?

पैसे परत मागण्याचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १७ प्रमाणे चुकीच्या बाबतीत ही मुदत चूक कळली तेव्हापासून, किंवा नीट लक्ष दिलं असतं तर कळली असती तेव्हापासून मोजतात. म्हणून जुन्या वह्या चाळताना दीड वर्षापूर्वीचा दुहेरी रिफंड सापडला तरी हात झटकू नका.

पोलिसात जाऊ का? १९३० वर तक्रार करू का?

१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. तुमच्याशी फसवणूक झालेली नाही, तुम्ही स्वतः पाठवलेत. तिथे फसवणूक म्हणून नोंदवलंत तर ग्राहकाच्या खात्यातली रक्कम गोठू शकते, आणि एखाद्या निवृत्त माणसाची पेन्शन तुमच्या चुकीमुळे अडकेल. कृपा करून असं करू नका.

उलट, ग्राहकाने खोटा फोटो पाठवून रिफंड उकळला असेल, दोन नावांनी दोनदा मागितला असेल, तर ती फसवणूकच आहे. तिथे जरूर तक्रार करा.

आता मधला प्रकार. पैसे दुसऱ्याचे आहेत हे कळूनही अप्रामाणिकपणे दाबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अपहाराचा गुन्हा होऊ शकतो. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत आणि दंड. पण हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घेतात, पुढच्या तपासाला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. आणि उशीर लावणं म्हणजे अप्रामाणिकपणा असं आपोआप होत नाही. ₹१,३४० साठी मी या वाटेने जाणार नाही. ₹४०,००० गेले असते आणि समोरच्याने नंबर ब्लॉक केला असता, तर वकिलाला विचारलं असतं.

ग्राहक आयोगात जाता येईल का?

ग्राहकाविरुद्ध नाही. तो आयोग ग्राहकाने विक्रेत्याविरुद्ध जाण्यासाठी आहे.

नोटीस कधी पाठवायची?

दोन मेसेज, दोन फोन आणि साधारण तीन आठवडे झाल्यावर. पहिली नोटीस वकिलाकडूनच हवी असं नाही. स्वतःच्या लेटरहेडवर, स्पीड पोस्टने, पोहोच जपून पाठवा. त्यात तारखा, रकमा, व्यवहाराचे नंबर, कलम ७२ आणि पंधरा दिवसांची मुदत लिहा. भाषा सभ्य ठेवा. ते पत्र उद्या न्यायाधीशांसमोर वाचलं जाऊ शकतं. त्यानेही जमलं नाही तर वकिलाची नोटीस.

कोर्टात न जाता दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो आपल्या लोकांना फार कमी माहीत आहे: लोकअदालत. दावा दाखल करण्याआधीच, 'दावापूर्व प्रकरण' म्हणून, अर्ज देता येतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. शुल्क लागत नाही. ते समोरच्याला नोटीस पाठवतात, आणि तडजोड झाली तर त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद असते. त्यावर अपील नसतं. समोरचा आलाच नाही किंवा तडजोडीला तयार झाला नाही तर मात्र लोकअदालत त्याच्यावर सक्ती करत नाही. तरी न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद घरी आला की पुष्कळ लोक फोन करतात.

आणखी एक, खास बायकांसाठी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. वकील परवडत नाही म्हणून थांबलेल्या प्रत्येकीला मी हे सांगते.

ग्राहक नाशिकचा, नागपूरचा. दावा तिकडे लावावा लागेल का?

दावा प्रतिवादी राहतो तिथे लावता येतो, तसाच दाव्याचं कारण पूर्ण किंवा अंशतः जिथे घडलं तिथेही. पैसे सांगलीतल्या खात्यातून गेले असतील तर सांगलीतही दावा लावण्याला आधार आहे. हे वकिलाकडून पक्कं करून घ्या.

पुराव्याचं मात्र आजच पाहा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, गेटवेच्या पानाचा प्रिंट, ई-मेल हे न्यायालयात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून फोन बदलताना चॅट उडू देऊ नका. स्क्रीनशॉट काढला तरी मूळ चॅट ठेवा.

मोठ्या मार्केटप्लेसवर विकतो. तिथे दोनदा रिफंड झाला तर?

तिथे रिफंड तेच करतात आणि तुमच्या सेटलमेंटमधून, म्हणजे विक्रीचे जे पैसे ते तुम्हाला देतात त्यातून, कापून घेतात. म्हणजे भांडण ग्राहकाशी नसून त्यांच्याशी असतं. सेटलमेंटच्या फाइलमध्ये एकाच ऑर्डर क्रमांकापुढे दोन वजावटी दिसत असतील तर विक्रेता कक्षात तक्रार टाका. तक्रारीला मुदत असते, म्हणून फाइल दर आठवड्याला पाहायची. आणि तिथल्या ग्राहकाला तुम्ही वेगळे पैसे पाठवू नका, कितीही कळकळीने मागितले तरी.

हिशेबात हे कसं दाखवू? जीएसटीचं काय?

परत आलेल्या किंवा खराब निघालेल्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, एकदाच निघते. दुसऱ्या रिफंडला दुसरी क्रेडिट नोट काढू नका. तसं केलंत तर विक्री खोटी कमी दिसेल आणि कराचा हिशेब चुकेल. दुसरी रक्कम ग्राहकाच्या नावे येणे म्हणून टाका. पैसे आले की ते येणे मिटलं. ती नवी विक्री नव्हे, तिच्यावर जीएसटी नाही. पैसे बुडालेच तर वर्षअखेरीस नुकसान म्हणून कसं दाखवायचं ते सीएंना विचारा, आणि पाठपुराव्याचे मेसेज-नोटिसा त्यांना दाखवा.

ग्राहकाचं नाव आणि नंबर विक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकू का, बाकीच्या सावध होतील?

नको. पत्ता आणि नंबर त्याने पार्सल पोचावं म्हणून आपल्याला दिलेत. ते चव्हाट्यावर मांडायचा हक्क आपल्याला नाही, आणि बदनामीचा दावा उलट आपल्यावर येऊ शकतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीने रागाच्या भरात असं केलं. ज्याचं नाव टाकलं त्याला दुसरा रिफंड मिळालाच नव्हता, तो उलटा फिरून तिच्याच खात्यात पडला होता. ती त्याच्या घरी माफी मागायला गेली.

कधी सोडून द्यावं?

₹२००-३०० साठी नोटीस पाठवणं म्हणजे तिकिटाला आणि वेळेला तेवढंच घालणं. मी दोन मेसेज करते आणि विषय बंद करते. रक्कम तुमच्या एका महिन्याच्या नफ्याच्या जवळ जात असेल तर सोडू नका. आणि ग्राहकाच्या घरी आजारपण, मृत्यू असं काही असेल तर थांबा. तीन वर्षांची मुदत आहे, तीन महिने थांबल्याने हक्क जात नाही.

मी विक्रेता नाही, ग्राहक आहे. माझ्या खात्यात दोनदा रिफंड आलाय. मी काय करू?

पैसे खर्च करू नका आणि घाईने परतही पाठवू नका. पासबुक किंवा स्टेटमेंट पाहा. फक्त एसएमएस पाहून ठरवू नका, बँकेच्या नावाने खोटे एसएमएस येतात. दोन नोंदी खरंच असतील तर बिलावरच्या किंवा पाकिटावरच्या नंबरवर स्वतः फोन करा. कोणी वेगळ्याच खात्यावर पाठवायला सांगितलं तर नकार द्या, बँकेत जा आणि ज्या खात्यातून आले तिथेच परत पाठवायची विनंती लेखी द्या. परत पाठवल्याचा पुरावा जपून ठेवा.

आणि विक्रेत्याने विचारायच्या आधी तुम्हीच कळवलंत, तर त्या घरात त्या दिवशी काय आनंद होतो ते मी सांगू शकते. मागच्या महिन्यात इचलकरंजीच्या एका दादांनी असं कळवलं. मी त्यांना पुढच्या पार्सलात पाव किलो बेदाणा जास्त घातला.

पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय बदललं?

तीन गोष्टी. पहिली, रिफंड करायचा अधिकार एकाच माणसाकडे. मी गावाला गेले तर रिफंड थांबतो, ग्राहकाला "सोमवारी करते" असा मेसेज जातो. पुतण्याला मी रागावले नाही, पण यूपीआयचा पिन बदलला.

दुसरी, पैसे आले त्याच वाटेने रिफंड. कार्डाने आले तर कार्डावर, यूपीआयने आले तर यूपीआयवर. रिफंड टाकताच ग्राहकाला एआरएन किंवा यूटीआर नंबर आणि "पाच-सात कामाचे दिवस लागतील, अमुक तारखेपर्यंत वाट पाहा" हे कळवते. चौथ्या दिवशी येणारे निम्मे मेसेज यानेच बंद झाले.

तिसरी, हळदीच्या फळीवर लाल पुठ्ठ्याची वही. ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम, कोणत्या वाटेने, व्यवहाराचा नंबर. रिफंड करण्याआधी तो ऑर्डर क्रमांक वहीत शोधायचा, सापडला तर हात थांबवायचा. दर शनिवारी रात्री वही आणि बँकेचं स्टेटमेंट समोरासमोर ठेवून टिक करायची. वहीच्या कडा आता हळदीने पिवळ्या झाल्यात. पहिल्या पानावर काकूंच्या ऑर्डरीचे दोन नंबर आहेत, आणि पुढे 'परत आले, दि. २४ ऑगस्ट' असं लिहिलंय.